गॅस संपत नाही, गळतो

गाडीचा एसी कोमट हवा फेकू लागला की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, ‘गॅस संपला, भरून घ्या.’ अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ला टेकलेला असताना माणूस कशालाही हो म्हणतो. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल या बंद फेऱ्यात तोच तो गॅस फिरत असतो. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, तेवढं सोडा. एका उन्हाळ्यातच तो उतरला, तर कुठेतरी गळती आहे.

माझ्या हॅचबॅकचं हेच चाललं होतं. गॅस भरला की काही आठवडे गारवा, मग पुन्हा कोमट हवा. एका गॅरेजने व्हॅक्युम ओढून अर्धा तास ठेवला. गेजचा काटा हलला नाही, म्हणून ‘लीक नाही’ असा निर्वाळा मिळाला. दुसऱ्याने अंदाज बांधला की कूलिंग कॉइल गेली. डॅशबोर्ड उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी तिसऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘भाऊ, गेज लावायच्या आधी मला गाडी जशी आहे तशी पाहू द्या.’

त्याने गॅस भरायच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं आणि आत साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडले. सावकाश एक फुगा वर आला, फुटला, पुन्हा आला. आतली व्हॉल्व्हची पिन नीट बसत नव्हती. आधीच्या तपासणीत ती सापडणारच नव्हती. गेजचा पाइप नेमका त्याच तोंडावर चढतो, पिन आत दाबतो आणि स्वतःच्या रबराने बाहेरून ते तोंड बंद करतो. म्हणजे तपासणी चालू असेपर्यंत गळती झाकलेली, पाइप काढला की पुन्हा सुरू.

म्हणून गेजवर विसंबण्याआधी त्याच्या मर्यादा ओळखा. व्हॅक्युममध्ये सांध्यांवर फार तर एका वातावरणाएवढा दाब येतो, तोही बाहेरून आत. एसी चालू असताना उच्च दाबाच्या बाजूला त्याच्या पंधरापट दाब आतून बाहेर ढकलत असतो. गाडी बंद असताना दिसणाऱ्या दाबावरही विसंबता येत नाही. आर-१३४ए गॅस असेल तर ३५ अंशांना गेज सुमारे ११५ पीएसआय दाखवतो. आत थोडाही द्रव शिल्लक असेल तोवर हा आकडा जवळपास तोच राहतो, मग बराचसा गॅस उडून गेलेला का असेना. किती उरला हे तो बाहेर काढून वजन केल्यावरच कळतं.

शोधाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा. आधी भरायची तोंडं, गेज लावण्यापूर्वी आणि काढल्यावरही. मग सांध्यांमधल्या ओ-रिंग, त्यानंतर दगड-खडी झेलणारा कंडेन्सर आणि कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील. कॉइल सगळ्यात शेवटी. गळणारा गॅस सोबत तेल आणतो आणि त्यावर धूळ चिकटते, म्हणून काळपट तेलकट डाग हा मोठा पुरावा. तपासणीआधी इंजिन धुऊन घेतलं की तो पुसला जातो.

बारीक गळतीसाठी गॅससोबत रंग सोडतात. काही दिवस गाडी चालवून अल्ट्राव्हायोलेट दिवा मारला की तो हिरवट-पिवळा चमकतो. कॉइल डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा तिचं पाणी जिथून ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी दिवा आणि डिटेक्टर धरायला सांगा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे डिटेक्टर सांध्याच्या खालच्या बाजूने फिरवावा, पंखा आणि इंजिन बंद ठेवून. दाब देऊन तपासायचं तर कोरडा नायट्रोजन वापरावा. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा आत ओलावा नेते आणि दाबाखाली गॅसशी मिसळली तर पेटूही शकते.

एक गळती सापडली म्हणून शोध थांबवू नका. जुन्या गाडीत दुसरी असू शकते. गळती बुजवणारं रसायन टाकू देऊ नका, ते घट्ट होऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि गॅरेजचं यंत्र दोन्ही तुंबवतं. एलपीजीसारखा ज्वलनशील गॅस कोणी स्वस्तात भरून देत असेल, तर सरळ गाडी वळवा. जास्त गॅस भरल्यानेही गारवा कमी होतो, म्हणून बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच भरून घ्या.

पैसे देण्याआधी बिलावर तीन गोष्टी लिहून मागा: किती ग्रॅम निघाला, किती ग्रॅम भरला आणि गळती कुठे होती. तिसऱ्या गोष्टीचं उत्तर मिळाल्याशिवाय गॅस भरूनच घेऊ नका.