कमल बस्तीत मान वर करून बघा



बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत आपण मूर्तीचं दर्शन घेतो आणि निघतो. छत बघायचं राहतं. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या पदरी असलेल्या बीचिराजाने इ.स. १२०४ मध्ये हे जैन मंदिर बांधलं. मुखमंडपाच्या छतातून एक दगडी कमळ खाली उमललंय. पाकळ्या ७२ : होऊन गेलेले २४ तीर्थंकर, आताचे २४ आणि पुढे व्हायचे २४. जे अजून यायचे आहेत त्यांचीही जागा आठशे वर्षांपूर्वीच धरून ठेवलेली! (मान दुखते, पण बघाच.)

गाभाऱ्यात काळ्या पाषाणाचे नेमिनाथ, बाविसावे तीर्थंकर. शंख हे त्यांचं लांछन. लग्नाला निघाले असता मेजवानीसाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश त्यांना ऐकू आला. ते तिथूनच माघारी फिरले आणि गिरनारवर तपाला गेले.

एवढं सांगून मी थांबले, तर नात म्हणाली, "आजी, मग नवरीचं काय झालं?"

मी गप्पच. राजुलनेही पुढे दीक्षा घेतली, हे सांगायचं माझ्याकडून दरवेळी राहूनच जायचं. आता मी ही गोष्ट राजुलपासून सुरू करते.