गोल पाटीवर मराठी नाव

स्नेहसंमेलन जवळ आलं की होस्टेलवर कमानीसारख्या पाट्यांची फॅक्टरीच सुरू होते. इंग्रजी अक्षरं दोन क्लिकमध्ये गोल होतात, मराठीत मात्र तेच केलं की शब्द विस्कटतो. त्यात दोष मराठीचा नाही. आपण सॉफ्टवेअरला चुकीची रेषा देतो, एवढंच.

मी जरीपटक्याची. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे वसली. सिंधी भाषा देवनागरीतही लिहितात आणि अरबी वळणाच्या लिपीतही. त्या लिपीत अक्षरं खालच्या रेषेजवळ जोडली जातात. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात, पण छापील असतील तर हात धरत नाहीत. देवनागरी मात्र वरच्या रेषेला लटकते, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. सॉफ्टवेअर हे विचारत नाही. ते प्रत्येक अक्षराचा पाय वर्तुळावर ठेवतं आणि त्याला स्पर्शिकेच्या कोनात वळवतं. पाय जुळतात, डोकी फाकतात.

किती फाकतात? अक्षराची रुंदी गुणिले शिरोरेषेची उंची, भागिले त्रिज्या. समजा अक्षर २० मिमी रुंद, शिरोरेषा २५ मिमी उंचीवर आणि त्रिज्या १५० मिमी. फट पडते सुमारे ३.३ मिमी. कागदावर हे फक्त वाईट दिसेल, पण एमडीएफ किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये लेझरने कापलं तर 'वसतिगृह' हा शब्द तुकडे होऊन हातात येईल. देवनागरीचा मोठा फायदाच हा आहे की शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात कापता येतो, आणि तोच आपण घालवून बसतो.

म्हणून वर्तुळ पायाशी नको, शिरोरेषेवर घ्या. इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, त्यात हे जमतं. १७५ मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, शब्द टाइप करा, दोन्ही सिलेक्ट करून टेक्स्ट मेनूतलं 'पुट ऑन पाथ' दाबा. शब्द उजवीकडून सुरू होईल, घाबरू नका, वर्तुळ फिरवलं की तोही फिरतो. मग कर्सर पहिल्या अक्षराआधी ठेवून ऑल्ट धरा आणि खालचा बाण दाबत राहा, शिरोरेषा वर्तुळावर बसेपर्यंत. आता सांध्यावर चूक राहते जेमतेम ०.३ मिमी. खाली अक्षरं दाटतात हे खरं. 'गृ' आणि 'ह' एकमेकांना घासतात का ते मोठं करून पाहा.

फॉन्ट युनिकोडच हवा, 'मुक्ता' चांगला आहे. डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये काना-वेलांटी म्हणजे वेगळी अक्षरं, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या कोनात वळतो आणि 'ति'ची वेलांटी भलतीकडेच जाते.

हा प्रश्न फक्त आपल्या गेटचा नाही. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर देवनागरीतलं मराठी नाव इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. इंग्रजी लोगोच्या गोलात मराठी नाव तसंच कोंबलं की काय होतं, ते रस्त्याने जाताना माना वर करून बघा. बहुतेकांनी शिरोरेषेचा विचारच केलेला नसतो.

शेवटी 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून 'युनियन' द्या, म्हणजे सगळ्या अक्षरांची एकच बाह्यरेषा होईल. कुठे बारीक फट राहिलीच तर तेवढ्यापुरता शिरोरेषेच्या जाडीचा कमानीचा तुकडा जोडा. पण सरसकट पट्टी मारू नका! 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावरची मोकळी जागा मुद्दाम असते. ती भरली की 'ध'चा 'घ' होतो आणि 'शुभ'चं 'शुम'. अशा शब्दात तुटणारा भाग मागच्या पाटीवर चिकटवा. आणि लेझरवाल्याकडे फाइल द्यायच्या आधी खऱ्या मापात एक प्रिंट काढून कात्रीने कापून बघा. शब्द एका तुकड्यात उचलला गेला, तरच फाइल पाठवा.