आधी चिप, मग लस, मग बाकी सगळं

कुत्र्याला घेऊन परदेशी राहायला जायचं ठरलं की घरात पहिल्यांदा विषय निघतो तो तिकिटाचा. माझं कळकळीचं सांगणं आहे, तिकीट शेवटी बघा. आधी कुत्र्याला चिप बसवून घ्या, कारण पुढची प्रत्येक तारीख तिथून मोजली जाते. आमच्या भुरीला पुण्याहून जर्मनीला नेताना हे वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर नवरा तिकडे एकटा आणि मी भुरीसाठी इकडे, असे दिवस काढावे लागले नसते.

भुरी गावठी कुत्री, सोसायटीच्या गेटपाशी सापडलेली. रेबीजची लस तिला दरवर्षी न चुकता दिलेली, पुस्तिकेत सगळे स्टिकर जागच्या जागी. युरोपसाठी त्यातल्या एकाही लशीचा उपयोग झाला नाही. "ताई, पुस्तिकेवर भुरी लिहिलंय, पण ती भुरी म्हणजे हीच, हे कशावरून?" डॉक्टरांनी विचारलं. ओळख पटवणारी चिप आधी आणि लस नंतर, निदान त्याच दिवशी, असा तिथला नियम आहे. चिपच्या आधी टोचलेली लस हिशेबात धरत नाहीत. चिपही आंतरराष्ट्रीय मानकाची, 15 अंकी लागते. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेखाली सुईने बसवतात, भुरीने हूं की चूं केलं नाही.

आम्ही गाठलेला एजंट मात्र म्हणत होता, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, पंधरा दिवसांत कुत्रा विमानात." रक्ततपासणीचं विचारलं तर म्हणाला, ती तिकडे गेल्यावर होते. हे साफ खोटं निघालं. रेबीजच्या बाबतीत ज्या देशांना युरोपीय संघाने सवलत दिली आहे, त्यांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे लस दिल्यावर किमान 30 दिवसांनी रक्त काढायचं, ते युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक भरलं पाहिजे. त्यावर रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने धरून चालायचं. त्या एजंटाच्या शब्दावर विसंबून कुणी विमानात बसलं असतं, तर उतरल्यावर प्राणी परत पाठवणं, नाहीतर मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवणं, आणि दोन्ही शक्य नसेल तर त्याला कायमचं झोपवणं, अशा तीन वाटा तिथल्या कायद्यात आहेत. तिसरी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. एजंट जरूर घ्या, कागदांची धावपळ तो करतो. पण नियम ज्या देशात जायचंय त्या देशाच्या सरकारी पानावर स्वतः वाचा. ब्रिटनचे वेगळे आहेत, अमेरिकेने 2024 च्या ऑगस्टपासून आपले बदलले आहेत. शेजारच्यांचा लॅब्रॅडॉर कुठे आणि कसा गेला, यावर आपलं गणित मांडू नका.

रक्ताच्या फॉर्मवरची एक गोष्ट मुद्दाम सांगते. दवाखान्यात एकाने स्कॅनरवरचा नंबर जोडीजोडीने वाचला, दुसऱ्याने लिहून घेतला. घरी बाबा चष्मा लावून पुस्तिका आणि फॉर्मची प्रत शेजारी शेजारी ठेवून बसले, आणि मधेच थांबले. एकोणसाठच्या जागी एकोणसत्तर पडलं होतं. नमुना अजून कुरिअरला दिलेला नव्हता म्हणून निभावलं. तसाच गेला असता, तर अहवाल भलत्याच कुत्र्याच्या नावावर आला असता आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून. चिपचा नंबर एकेक अंक सुटा वाचा, प्रत्येक कागदावर स्वतः ताडून पाहा, आणि दर भेटीत चिप स्कॅन करून घ्या.

आता त्या तीन महिन्यांबद्दल. लोक त्याला थांबणं म्हणतात. मला तर वाटतं खरी तयारी तेव्हाच होते, कारण तेवढ्या अवधीत कुत्र्याला पिंजऱ्याची सवय लावता येते. पिंजऱ्याचं माप आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, नियमाने ठरतं. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंतर आणि त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीच्या निम्मं. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची कानाच्या टोकापर्यंत, वर अंथरुणाची जाडी. आत उभं राहता, वळता आणि अंग पसरून झोपता आलं पाहिजे. चारही बाजूंनी हवा हवी. दोन भाग जोडायला प्लास्टिकच्या खटक्यांऐवजी लोखंडी नटबोल्ट लावा, आणि पाण्याचं भांडं दाराला आतून असं बसवा की दार न उघडता बाहेरून भरता येईल.

पिंजरा आणला आणि दार काढून हॉलमध्ये ठेवला. आईची जुनी सुती साडी आत अंथरली, जेवणाची ताटली रोज थोडी थोडी आत सरकवली. भुरी आपणहून आत झोपायला लागल्यावरच दार लावलं, तेही आधी घटकाभर. पुढचं सुचवलं आमच्या वॉचमनकाकांनी. रात्री बेसमेंटमध्ये गाड्या कमी असतात तेव्हा पिंजरा सामानाच्या ट्रॉलीवर ठेवून ते भुरीला फिरवायचे. फरशीच्या सांध्यांवरून चाकं खडखडायची, जनरेटर धडधडायचा, आणि सुरुवातीला थरथरणारी भुरी काही दिवसांनी कान टवकारून नुसती बघत बसायची. विमानतळावर हेच आवाज असतात. आपण धास्तावतो ते आभाळातल्या प्रवासाला, पण प्राणी विमानात असल्याची कल्पना वैमानिकाला दिलेली असते, त्या कप्प्यात हवेचा दाब आणि तापमान राखलेलं असतं. जास्त धोका जमिनीवर असतो: उन्हात तापलेलं डांबर, चढवण्या-उतरवण्याची घाई, आणि मधेच कुणीतरी उघडलेलं दार. म्हणून विमान थेट जाणारं निवडा, एप्रिल-मे टाळा. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, ती प्राण्यांना सोयीची. आणि निरोप घ्यायला म्हणून विमानतळावर पिंजरा उघडू नका. बिथरलेलं कुत्रं निसटलं तर सापडणं कठीण.

झोपेची गोळी द्या, असं सांगणारे घरोघरी भेटतात. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट नाही म्हणून सांगितलं, आणि तेच बरोबर आहे. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, तोल जातो, शरीराची उष्णता आवरण्याची ताकद कमी होते; आणि खाली त्या कप्प्यात श्वास अडखळला तर बघायला कुणी नसतं. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना तर धाप लागली की अंग थंड करणंच जड जातं. अनेक विमान कंपन्या त्यांना सामानाच्या कप्प्यात घेत नाहीत. तुमच्याकडे असा प्राणी असेल तर बाकी कशाच्याही आधी कंपनीला विचारा. जर्मनीला निघालेल्यांनी जातही तपासावी: पिट बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर यांना तिथे आणायला बंदी आहे.

शेवटच्या आठवड्यात घाई असतेच. आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून 10 दिवसांच्या आत युरोपात उतरावं लागतं, म्हणून ते आधी काढून ठेवता येत नाही. मुंबईतल्या केंद्र सरकारच्या प्राणी क्वारंटाइन कार्यालयात आधी विचारून वेळ ठरवा आणि मधे सुट्ट्या येत नाहीत ना ते पाहा. मालकाचा आणि प्राण्याचा प्रवास एकमेकांपासून 5 दिवसांच्या आत व्हावा लागतो, हेही बुकिंग करताना ध्यानात असू द्या. निघायच्या दिवशी पोटभर जेवण नको, काही तास आधी हलकं खाणं आणि मग लांब फिरवून आणणं. भांड्यातलं पाणी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवून ठेवा, चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळत राहतं.

तिकडे पोचल्यावर महापालिकेत कुत्र्याची नोंद करा, जर्मनीत कुत्र्यांवर कर आहे. तिथल्या पशुवैद्याकडून युरोपीय पासपोर्ट काढून घ्या आणि इथल्या रक्ततपासणीचा निकाल त्यात चढवायला सांगा. तो पासपोर्टात असेल, तर प्राण्याला घेऊन भारतात येऊन परत जाताना पुन्हा तीन महिने थांबावं लागत नाही. अट एकच, रेबीजचा पुढचा डोस तारखेच्या आत. एक दिवस जरी उलटला तरी जुना निकाल बाद होतो आणि लस, रक्त, तीन महिने हे सगळं पुन्हा करावं लागतं. भुरीच्या डोसची तारीख आम्ही दोघांच्याही फोनमध्ये महिनाभर आधीची लावून ठेवली आहे.