सेक्टर तेरा आणि ऐंशी रकाने

चंदीगड

चि. बाळास,



परवा फोनवर तू म्हणालास, की ऑफिसातली जुनी माणसं चहाला जमली की फ्लॉपी, डायल-अपचा आवाज आणि विंडोज ९५ यांच्याच गोष्टी निघतात आणि तुला तिथून उठावंसं वाटतं. तेव्हा मी काही बोलले नाही. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तो घाईघाईत उरकायचा नव्हता. आता तुझी बदली इकडे, आयटी पार्कातल्या ऑफिसात होतेच आहे, तर येण्याआधी हे वाचून ठेव.

उठू नकोस. बस आणि ऐक. फक्त गोष्ट रंगात आली की विचार, "पण असं का होतं?" किती वेळ लागायचा, किती हाल व्हायचे, हे सगळेच सांगतात आणि त्यातून तुझ्या हाती फारसं लागत नाही. 'का' विचारलंस की तोच माणूस खुर्चीत सावरून बसतो.

कोडची ओळ ऐंशी अक्षरांच्या पुढे गेली की तुमचं तपासणीचं टूल कुरकुरतं ना? १९२८ साली आयबीएमनं पंच कार्ड काढलं, त्यावर ऐंशी रकाने होते. पुढे टर्मिनल आले, तेही ऐंशी रकान्यांचे. कार्डं गेली, टर्मिनल गेले, आणि पायथनच्या लेखन-संकेतात आजही ७९ अक्षरांची मर्यादा आहे. माझी सर्वांत लाडकी गोष्ट मात्र डिलीटची. आस्की या अक्षर-क्रमांकांच्या यादीत बाकीची नियंत्रण-चिन्हं सुरुवातीला शून्यापासून रांगेत आहेत आणि हे एकटंच पार शेवटी, १२७ वर. कारण कागदी पट्टीला एकदा पडलेलं भोक बुजवता येत नाही. चुकलेलं अक्षर खोडायचं तर त्या जागची सातही भोकं पाडून टाकायची. वाचणारं यंत्र ते अक्षर वगळून पुढे जायचं. सात भोकं म्हणजे सात एक, म्हणजे १२७. इतकी साधी आणि इतकी देखणी युक्ती मला दुसरी ठाऊक नाही.

इथे आलास की शहरच तुला हा धडा देईल. चंदीगडचा पत्ता म्हणजे घर नंबर आणि सेक्टर नंबर, प्रोग्रामरला आवडावा असा. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात सेक्टर एकपासून सुरू होतात, साधारण आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब. बारानंतर मात्र एकदम चौदा. तेरा नव्हताच. वर्षानुवर्षं इथल्या पोराटोरांनाही हे ठाऊक होतं. मग २०२० मध्ये प्रशासनानं शहरातल्या मनीमाजऱ्याला सेक्टर तेरा हे नाव दिलं. आता विचार कर: पत्ता तपासताना कुणी '१३ आला तर नाकार' अशी अट लिहून ठेवली असेल, तर ती लिहिली त्या दिवशी अगदी बरोबर होती. शेजारी एका ओळीत कारण लिहिलेलं असेल, तर पुढच्या माणसाला ती पुसायला एक मिनिट पुरे. नसेल, तर तिला हात लावायची हिंमत कुणी करणार नाही.

जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे, हेही इथंच दिसतं. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा मोहालीतला सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सचा कारखाना नुकता सुरू झाला होता. १९८४ मध्ये तिथं पाच मायक्रॉनच्या चिप बनू लागल्या, अमेरिकन मायक्रोसिस्टिम्सकडून घेतलेल्या तंत्रावर. शहरातल्या इंजिनियर मंडळींना त्याचा केवढा अभिमान! ७ फेब्रुवारी १९८९ ला तिथं मोठी आग लागली आणि चिप बनवण्याचा विभाग जवळजवळ सगळा गेला. त्या दिवसाबद्दल इथली जुनी माणसं अजूनही आवाज उतरवून बोलतात. कारखाना सावरायला बरीच वर्षं गेली. २००६ मध्ये तो अवकाश विभागाखाली प्रयोगशाळा म्हणून आला, अलीकडे इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे गेला. आज तिथं १८० नॅनोमीटरचं तंत्र आहे. तुझ्या मोबाइलमधल्या चिपच्या मानानं हे पणजोबा. तरी मार्च २०२५ मध्ये तिथं बनलेल्या विक्रम ३२०१ या ३२ बिटी प्रोसेसरची पहिली खेप इस्रोच्या हाती आली. अग्निबाणात उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत टिकायचं असतं, आणि तिथं नव्यापेक्षा पारखून घेतलेलं तंत्र कामी येतं. त्यासाठीचे प्रोग्राम एडा भाषेत लिहिता येतात, जी १९८० च्या आसपासची. ही भाषा आता कोण वापरतं, असं तू मला गेल्या दिवाळीत विचारलं होतंस.

वर 'मनीमाजऱ्याला' लिहिताना जो अर्धा र वापरला, त्याचीही कथा आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या', एक समुद्र आणि एक डोंगरांमधली जागा. मराठीला हा फरक लागतोच. देवनागरीची युनिकोडमधली मांडणी १९८८ च्या इस्की प्रमाणकावरून घेतली. तिथं खाली टिंब असलेला ऱ स्वतंत्र आहे, त्याला हलन्त आणि य जोडला की आपला हा चंद्रकोरीसारखा र उमटतो. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं छापखान्यांतली मराठी प्रत्येक कंपनीच्या आपापल्या फाँटमध्ये कोंडलेली होती. अक्षराचा क्रमांक इंग्रजीचा, चेहरा मराठीचा. फाँट हरवला की फायलीत नुसता कचरा दिसतो. किती दिवाळी अंक, किती आत्मचरित्रं अशी पडून असतील, या विचारानं मला खरोखर वाईट वाटतं. तुझ्या आजोबांच्या लेखांच्या फायली मी सगळ्या युनिकोडमध्ये आणल्या. तुमच्याकडेही तसं काही असेल तर आधी ते काम कर. फाँट ओळखणारी माणसं अजून भेटतात तोवर.

वेळीच न ओळखलेल्या ठेव्याची एक गोष्ट इथलीही आहे. इथल्या सरकारी कचेऱ्यांत आणि विद्यापीठात वास्तुकार पिएर जॉनरेनं आखलेल्या सागवानी, वेताच्या खुर्च्या होत्या. मोडल्या म्हणून भंगारात काढल्या, कवडीमोलानं विकल्या. पुढे त्याच खुर्च्या युरोपातल्या लिलावांत लाखोंनी गेल्या आणि २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. खुर्ची निदान परत ओळखता तरी येते. प्रोग्राममागचं कारण ते लिहिणाऱ्याबरोबर निवृत्त होतं, आणि ते कुठल्याच लिलावात सापडत नाही. म्हणून त्या चहाच्या गप्पांची वही कर. कोण, कोणतं यंत्र, काय अडलं, काय युक्ती केली, एवढं पुरे. पुण्याचं ऑफिस सोडण्याआधी तिथल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला एक संध्याकाळ दे. आणि ज्या फायलीवर आत्ता काम करतो आहेस, तिच्यातली प्रत्येक विचित्र अट का आहे हे तिच्या शेजारी मराठीत नाही तर इंग्रजीत, पण लिहून मगच निघ.

डिसेंबरात येणार असशील तर जाड स्वेटर आण. ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी