फी भरण्यापूर्वी विचारा : मुलगा बटणे शिकणार की हुनर?

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज डिझाइनच्या शिक्षणाकडे वळत आहेत आणि त्यांतील बऱ्याच जणांचा ओढा व्हिडिओ एडिटिंग व मोशन ग्राफिक्सकडे आहे. पालक फी भरतात. पण मुलगा संगणकापुढे बसून काय करतो, हे त्यांना उमगत नाही. काही जण त्याला खेळ समजतात. वास्तविक हे एक हुनर आहे आणि कोणत्याही हुनराप्रमाणे यालाही माप, नजर व इमान या तिन्ही गोष्टी लागतात.

एडिटिंग म्हणजे चित्रणातले नको ते काढून हवे ते योग्य क्रमाने जोडणे. मोशन ग्राफिक्स म्हणजे अक्षरे, चिन्हे व आकृत्या यांना हालचाल देऊन आपले म्हणणे मांडणे.

प्रथम मापाचे पाहू. कापडाचा पोत आपण इंचातील धाग्यांवरून ठरवतो. तसे येथे सेकंदाला किती चित्रे, हा हिशोब असतो. सिनेमासाठी २४ आणि आपल्याकडील दूरचित्रवाणीसाठी २५. म्हणजे पंधरा सेकंदांच्या जाहिरातीत ३७५ चित्रे झाली. त्यांतील किती कशाला द्यायची, हे आधी कागदावर ठरवावे लागते.

माझ्या भाच्याने एका वर्गात तीन महिने शिकून आमच्या दुकानाची जाहिरात केली. अक्षरे फिरत आली, उडत गेली. पण दुकानाचे नाव कुणालाच वाचता आले नाही. मी विचारले तेव्हा तो खजील होऊन म्हणाला, ‘‘मामू, कुठले बटण काय करते ते शिकवले, नाव किती वेळ थांबवायचे ते नाही शिकवले.’’ मग त्याने कागदावर सहा चौकोन आखले, प्रत्येकात एक प्रसंग काढला व खाली सेकंद लिहिले. मजकूर सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ तो ठेवला. दुसरी जाहिरात साधी झाली, पण गिऱ्हाईक ती पाहून दुकानाचे नाव सांगू लागले.

दुसरी गोष्ट नजर. एस.टी. स्टँडवरून सुटताना एकदम वेग घेत नाही आणि थांबतानाही हळूहळू थांबते. पडद्यावरची हालचाल तशीच हवी, नाहीतर ती निर्जीव वाटते. ही नजर निरीक्षणाने येते, महागड्या संगणकाने नव्हे. यंत्रमागांच्या मालेगावात नासिर शेख यांनी दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग केले आणि २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार केला. पुढे तेथील सुपरमॅन उडवण्यासाठी हिरवा पडदा वापरला गेला. त्या पडद्याचे गमक आपल्या धंद्यातलेच आहे : कापड एकसारख्या रंगाचे, बिनचमकीचे व बिनसुरकुतीचे हवे आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर हिरवा रंग नको, नाहीतर पडद्याबरोबर त्याचा सदराही गायब होतो.

तिसरी गोष्ट इमान. चित्रण करताना पांढरा कागद समोर धरून रंग जुळवून घ्यावा. संगणकावर फिकट कापड भडक करून दाखवणे म्हणजे मालातला दोष झाकणे होय. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी असा व्यवहार निषिद्ध ठरवला आहे आणि मापात कमी देणाऱ्यांना कुरआनने कडक ताकीद दिली आहे. चोरीचे सॉफ्टवेअर किंवा दुसऱ्याचे संगीत परवानगीवाचून वापरणेही योग्य नाही. त्याची गरजही नाही. ‘ब्लेंडर’ हे सॉफ्टवेअर संपूर्ण मोफत आहे आणि ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची एक आवृत्ती मोफत मिळते. विद्यार्थ्याला सुरुवातीस तेवढे पुरेसे आहे.

म्हणून फी भरण्यापूर्वी पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. कागदावर आराखडा करायला शिकवतात काय? मुलाचे काम पाहून चुका दाखवणारा उस्ताद आहे काय? शेवटी हाती केवळ प्रमाणपत्र पडेल, की दाखवण्याजोगी चार-पाच कामेही? आणि मुलाला पहिले काम आपल्याच दुकानाचे किंवा कारखान्याचे द्यावे. मोबदलाही द्यावा. सॉफ्टवेअर बदलत राहील. हातात उतरलेले हुनर मात्र, इन्शाअल्लाह, आयुष्यभर हलाल रोजी देईल.