परिचारिकांच्या मनाची शुश्रूषा

पुण्यातील प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्यांच्या त्यागाला आपण वंदन करतो. परंतु सेवा करणाऱ्याच्या मनाला काय सोसावे लागते, हे क्वचितच विचारतो.

२२ मार्च २०२० रोजी देशभर टाळ्या-थाळ्या वाजल्या. पुढे कोल्हापुरातही, जवळ नातेवाईक नसलेल्या कोविड रुग्णांचा अखेरचा श्वास परिचारिकांनीच पाहिला. साथ ओसरली, तरी अशा स्मृती काहींचा पिच्छा सोडत नाहीत. ते दृश्य अवचित डोळ्यांपुढे येणे, दुःस्वप्ने पडणे, यंत्राच्या आवाजाने दचकणे, त्या कक्षात जाणे टाळणे, ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकून दैनंदिन जीवन विस्कटले, तर वैद्यकशास्त्र त्यास आघातोत्तर तणाव विकार म्हणते. हा भित्रेपणा नव्हे. योग्य मानसोपचाराने तो बरा होऊ शकतो.

विनयपिटकातील महावग्गात तथागतांनी आनंदासह एका आजारी भिक्खूला स्वतः स्नान घातल्याची कथा आहे. तेथेच, मृत भिक्खूचे चीवर व पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्यास संघाने द्यावे, असा नियमही आहे. सेवा करणाऱ्याची जाण ठेवणे हे संघाचेच कर्तव्य ठरले.

परिचर्येच्या शिक्षणाकडे वळणाऱ्या आपल्या विद्यार्थिनींनो, इतरांचे दुःख हलके करताना स्वतःचे दुःख सांगण्यास संकोचू नका. ते ऐकून घेणे व उपचारांची सोय करणे, हे समाजाचे काम आहे. केवळ टाळ्यांनी ते ऋण फिटत नाही.