एकाकी विद्यार्थी आणि एलीयाचा देव

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-२१



दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास आपल्या मंडळ्यांतील अनेक तरुण शिक्षणासाठी घर सोडतात. कोणी सोलापूरहून हैदराबादेस, कोणी नागपूरहून दिल्लीस, तर कोणी एखाद्या खेड्यातून पुण्यास जातो. पहिले काही आठवडे नवलाईत निघून जातात. मग एखाद्या रविवारी वसतिगृह ओस पडते. मेसमध्ये ताट घेऊन कोणाजवळ बसावे हे कळत नाही. घरून फोन आला की सर्व ठीक आहे असे आपण सांगतो आणि फोन ठेवल्यावर डोळे भरून येतात. आपला विश्वासच कमी पडला की काय, अशी शंका मनाला कुरतडू लागते. अशा वेळी वरील अध्याय सावकाश वाचावा.

१. एकटेपणाची वेदना हे पाप नव्हे

आपण एकटेच उरलो आहोत, अशी तक्रार एलीया दोनदा करतो (वचने १० व १४). तेथे मूळ इब्री भाषेत ‘लेवाद’ या शब्दाचे रूप आले आहे. हाच शब्द उत्पत्ती २:१८ मध्येही आहे. मनुष्याने एकटे असणे बरे नाही, असे देव तेथे म्हणतो. त्या वेळी पाप जगात आलेले नव्हते आणि आदामाची देवाशी असलेली संगती अखंड होती. तरीही त्याला माणसाची सोबत हवी, हे देवाने जाणले. तेव्हा सोबतीची ओढ ही निर्माणकर्त्यानेच आपल्यात घातली आहे. तिची लाज बाळगू नका.

२. देवाने प्रथम भाकर दिली

एलीया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला दटावत नाही आणि उपदेशही करीत नाही. तो त्याला झोपू देतो. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी उशाशी ठेवलेले असते. तो पुन्हा निजतो आणि पुन्हा त्याला जेवू घातले जाते. होरेबावरील संभाषण त्यानंतरचे आहे.

रात्र रात्र जागरण, चुकवलेली जेवणे आणि दिवसभर बंद खोली यांनी मन अधिकच खचते. म्हणून वेळेवर निजणे, मेसमध्ये जाऊन जेवणे, सकाळी थोडे चालणे या गोष्टींना अध्यात्माबाहेरच्या समजू नका. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ८८ वाचा. त्याचा शेवट अंधारातच होतो, तरी ते देवासमोरच म्हटलेले आहे.

३. एलीयाचा हिशेब चुकला होता

बैरशेबा येथे एलीयाने आपल्या चाकराला मागे ठेवले (वचन ३). जी एक सोबत होती तीही त्याने स्वतःच सोडली. शिवाय ओबद्याने शंभर संदेष्टे लपवून वाचवले, हे त्याने थोड्याच काळापूर्वी ऐकले होते (१८:१३). खिन्न मनाला ते आठवले नाही. देवाने त्याला सांगितले की, बआलापुढे गुडघे न टेकणारे सात हजार इस्राएलात आहेत.

खिन्नता आपल्याला अर्धाच हिशेब दाखवते. शेजारच्या खोलीतील हसरा मुलगाही कदाचित रात्री घरच्या आठवणीने जागा असेल. दाराबाहेर पडून एकाला तरी नावाने हाक मारा.

४. देवाने त्याला माणूस दिला

होरेबावरून परतणाऱ्या एलीयाला अलीशा मिळाला आणि तो त्याची सेवा करू लागला (वचन २१). पौलही तुरुंगातून तीमथ्याला लवकर ये, येताना झगा व पुस्तके आण, हिवाळ्यापूर्वी ये, असे विनवतो (२ तीमथ्य ४:९-२१). प्रेषिताला जे मागावेसे वाटले ते मागण्यात आपल्याला कमीपणा कसला? शहरात मराठी उपासना नसेल तर ज्या भाषेतील मंडळी जवळ आहे तेथे जा आणि उपासना संपताच निघून न जाता थोडे थांबा.

५. वैद्याकडे जाण्यास संकोच नको

उदासी दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकली, झोप व भूक बिघडली, आवडीच्या कामातही रस उरला नाही, तर डॉक्टरांना किंवा महाविद्यालयातील समुपदेशकांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. त्या रात्री एकटे राहू नका, विश्वासातील माणसाला स्पष्ट सांगा. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून चोवीस तास चालतो. तेथे मराठीतूनही बोलता येते. तापासाठी औषध घेणारा जसा अविश्वासी ठरत नाही, तसाच मनाच्या आजारावर उपचार घेणाराही ठरत नाही.

पालकांनो व मंडळीतील वडीलधाऱ्यांनो, परगावी गेलेल्या मुलाला गुण विचारण्यापूर्वी तो जेवला का, त्याला झोप लागते का आणि बोलायला कोणी आहे का, हे विचारा. उत्तर ऐकण्याची सवडही ठेवा.

मननासाठी प्रश्न

१. मी आपली कोणती सोबत ‘बैरशेबात’ सोडून आलो आहे?
२. देवाने ठेवलेली कोणती ‘भाकर’ मी नाकारीत आहे?
३. या आठवड्यात मी कोणाचा अलीशा होऊ शकेन?